बेसमेंटमधले सहा ओक

कॅनडातल्या किचनर शहरात, आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एका हिवाळ्यात सहा ओक राहायला होते. ते माझे नव्हते. शेजारच्या पोर्तुगीज बाईंचे होते. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या, अंगणातला एकही कोपरा मोकळा न ठेवणाऱ्या. त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि त्या नोव्हेंबर ते एप्रिल पोर्तुगालला आपल्या गावी जायला निघाल्या. जाण्याआधी त्यांनी रोपं माझ्याकडे सोपवली. कारण उघड होतं. सगळ्या गल्लीत यादी करून वागणारी मीच.

"बॉस," त्या मला म्हणायच्या, "तू कागदावर लिहिलंस की ते होतं. म्हणून तुझ्याकडे."

ही रोपं बुचाच्या ओकची. पुण्यात पांढरी सुगंधी फुलं टाकणाऱ्या ज्या झाडाला आपण बुचाचं झाड म्हणतो ते हे नव्हे. हा खरा ओक, ज्याची जाड साल सोलून बाटल्यांची बुचं करतात. बाईंच्या गावची टेकडी या झाडांची. दर नऊ-दहा वर्षांनी साल काढायची, झाड पुन्हा साल धरतं, असं शंभर-दीडशे वर्षं चालतं. पण टेकडीवर नवीन झाडं येईनाशी झाली होती.

"म्हाताऱ्या झाडांची गर्दी आहे आणि पोरं नाहीत," त्या कुंपणापलीकडून सांगत होत्या. "पावसाळ्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात, बिया उगवतात, रान भरून उगवतात. मग पाऊस जातो तो चार-पाच महिने येतच नाही. मूळ खोल गेलं असेल तर ठीक, नाहीतर ऑगस्टपर्यंत काडी. एखाद्या झुडपाच्या सावलीत आलेलं तेवढं टिकतं, आणि टिकलं की शेळी खाते."

"मग इथे कशाला लावताय? इथे तर गोठेल."

"बाहेर लावतेय कोण? कुंडीत. मला एक बघायचंय मोठं होताना. माझ्या जन्मापासून त्या टेकडीवर एकही पोरगं वयात आलेलं मी पाहिलं नाही."

बिया त्यांच्या भाच्याने कॅनडाच्या पश्चिम टोकाहून, ब्रिटिश कोलंबियातून, पाठवल्या होत्या. तिथे समुद्राकाठी थंडी सौम्य असते, एका बागेत हा ओक वाढलाय. याआधी तीन वर्षं बाईंची सगळी रोपं मेली होती. पहिल्या वर्षी तर त्यांनी आपल्या अंगणातलीच माती वापरली. ती चूक काय होती ते त्यांनी मला प्रयोग करून दाखवलं. स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणली आणि मातीच्या ढेकळावर ओतली. खायच्या सोड्यावर लिंबू पिळावं तशी माती फसफसली.

"चुना," त्या म्हणाल्या. "इथली सगळी जमीन चुन्याची. आमच्या टेकडीची एक बाजू अशीच पांढरी आहे. तिथे हा ओक पाय ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला लाल रेताड माती, तिथेच सगळा."

म्हणून कुंड्यांमध्ये जाड रेती होती आणि पाईनखालून गोळा केलेला कुजका पाला. उंच, अरुंद कुंड्या, कारण या झाडाचं मूळ आधी खाली जातं आणि मग वर बघतं. मला सूचना दोन मिळाल्या. जागा थंड पण न गोठणारी. वरची माती बोटभर कोरडी झाली की थोडं पाणी.

मी त्या सूचना लिहून फ्रिजवर लावल्या. जागा ठरवली: बेसमेंटमधली लॉन्ड्रीची खोली, दक्षिणेची खिडकी, हीटरची झडप बंद. तिथेच लॉन्ड्रीचा टब, त्याचा नळ, त्याखाली पाण्याचा कॅन. म्हणजे पाणी घेऊन जिने चढ-उतार नाही. सोमवारी आणि गुरुवारी कपडे लावायचे तेव्हा कुंड्या बघायच्या. एका फेरीत दोन कामं. ऑफिसात मी प्रोजेक्टच्या याद्या सांभाळते, मला असं काही जमलं की समाधान वाटतं.

डिसेंबर चांगला गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. वीतभर रोपं ती, पानं मोजकीच. मला वाटलं, हिवाळ्यातली कोरडी हवा. मी पाणी वाढवलं. कडा आत सरकल्या. मी आणखी थोडं वाढवलं. महिन्याच्या शेवटी एका रोपाची सगळी पानं गळली. मी ते उपटलं आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. यादीत लिहिलं: पाच.

त्या रात्री मी ताट अर्धं टाकून उठले. बाईंचं चौथं वर्ष. पाच-सहा वर्षांनी पुन्हा करू म्हणण्याचं त्यांचं वय नव्हतं.

"फोन करून सांग की," नवरा म्हणाला.

"त्यांची बहीण हॉस्पिटलात आहे. त्यात मी काय सांगू, तुमचं झाड कचऱ्यात टाकलं?"

"मग निदान बाकीची कशाने मरतायत ते तरी शोध. तू तर यादी करून मारतेयस."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण म्हणाला ते बरोबर होतं.

फेब्रुवारीचा पहिला शनिवार हा आमच्याकडे सॉफ्टनरमध्ये मीठ भरायचा दिवस. किचनरचं पाणी विहिरींचं, अतिशय जड. किटलीत चुन्याचा थर बसतो, शॉवर तुंबतो. म्हणून घरोघरी बेसमेंटमध्ये सॉफ्टनरची टाकी असते. ती पाण्यातला चुना काढते आणि त्या बदल्यात मिठातला सोडियम पाण्यात सोडते. चवीला कळत नाही. स्वयंपाकघरातला थंड नळ तेवढा सॉफ्टनर टाळून येतो, कारण ते पाणी आपण पितो. हे सगळं मला माहीत होतं. घर घेताना प्लंबरने समजावलं होतं आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं.

मिठाचं वीस किलोचं पोतं मी छातीशी धरून टाकीपाशी नेलं. झाकण उघडलं. डावीकडे टाकी, उजवीकडे लॉन्ड्रीचा टब, टबाशेजारी पाच कुंड्या. मी पोतं तसंच धरून उभी राहिले. वर स्वयंपाकघरात माझी तुळस आणि कढीपत्ता टवटवीत होते. त्यांना पिण्याच्या नळाचं पाणी मिळत होतं. या पाचांना मी तीन महिने मीठ पाजत होते, आणि सुकतायत म्हणून जास्तच पाजत होते. बाईंनी पाणी कुठलं घ्यायचं हे सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्याकडे परसात पावसाच्या पाण्याचं पिंप होतं. दुसरं पाणी कुणी घालेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

स्वयंपाकघरातलं पाणी घालावं तर त्यात चुना. मग मला खिडकीबाहेर दिसलं ते. परसात गुडघाभर बर्फ होता. म्हणजे गोठलेलं पावसाचंच पाणी, त्यात ना चुना ना मीठ.

मी बादल्या घेतल्या आणि बर्फ भरायला लागले. ड्राइव्हवेवरचा नाही, तिथे आम्ही घसरू नये म्हणून मीठच टाकलेलं. मागच्या कुंपणालगतचा, कुणाचा पाय न पडलेला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं, सगळी गल्ली बर्फ घराबाहेर शोव्हल करते. तू आत आणतेयस?"

"बोलू नकोस. दुसरी बादली आण."

त्याने आणली. चार बादल्या बर्फ वितळून एक बादली पाणी होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबले. मग एकेक कुंडी टबात ठेवून पाणी सावकाश ओतत राहिले, खालून भरपूर निथळेपर्यंत. रेतीची माती असल्यामुळे पाणी सरसर जात होतं. आपल्या काळ्या मातीत हे जमलं नसतं, चिखल होऊन बसला असता. आठवड्याने पुन्हा धुतलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्यानंतर फक्त बोटभर कोरडं झालं की बर्फाचं थोडं पाणी. मार्च संपायच्या आत बर्फ जाणार म्हणून गॅरेजमध्ये मी सहा मोठे कॅन भरून ठेवले.

पानं सुधारली नाहीत. जळलेलं पान परत हिरवं होत नाही. एका रोपाची तर सगळीच गेली. पण या वेळी मी ते उपटलं नाही. उरलेल्या चौघांच्या कडा आहे तिथेच थांबल्या, आणि मार्चच्या मध्यावर एकाच्या शेंड्याला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोंब होता. आठवड्याभरात चौघांनाही आले. मी एकटीच खोलीत होते, तरी मोठ्याने "हं!" म्हणाले.

बाई एप्रिलमध्ये आल्या. बहीण बरी होती. बॅगा हॉलमध्येच टाकून त्या आमच्याकडे आल्या. जिना उतरायच्या आधी मी सगळं क्रमाने सांगून टाकलं. नळ, मीठ, वाढवलेलं पाणी, कचऱ्याचा डबा. मध्ये थांबले असते तर पुढचं सांगवलं नसतं.

त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "किती?"

"चार नक्की. पाचवं नुसती काडी."

खाली जाऊन त्या चार कुंड्यांकडे पाहून नुसत्या मान हलवत गेल्या. पाचव्यापाशी वाकल्या. अंगठ्याच्या नखाने काडीची साल जराशी खरवडली. आत ओला पोपटी रंग होता.

"हे मेलं नाही. रागावलंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि ते टाकलंस, ते खरवडून पाहिलं होतंस?"

"नाही."

"मग ते आता आपल्याला कळायचं नाही." एवढंच. माझी मान खाली गेली, तशी त्यांनी माझ्या पाठीवर चांगली जोरात थाप मारली. "बॉस, सहातली पाच! माझ्या टेकडीला हे जमत नाही. मला तीन वर्षं जमलं नाही. वर चल, मी विमानात काही खाल्लेलं नाही."

मी भात टाकला, आमटी गरम केली. त्या ओट्याशी उभ्या राहूनच जेवल्या आणि रेती किती, पाला किती, मे महिन्यात सावली कशाची करायची, हे तोंडात घास असतानाच सांगू लागल्या. मी समोर बसून ऐकत होते. जानेवारीनंतर पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली होती. मी माझंही ताट वाढून घेतलं.