‘पुढे’ दाबण्याआधी

नाडकर्णी सर गेल्याचं मला कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्यांच्या मुलाने सरांच्याच फोनवरून सगळ्या ग्रुपांवर एकच निरोप टाकला होता, ‘बाबा आज पहाटे गेले.’ आमच्या ग्रुपवर त्याच्या वरचा मेसेज होता हॉस्पिटलच्या ट्रेनिंग अधिकाऱ्याचा, लोगो थोडा मोठा करा म्हणून. आणि खालचा मेसेजही त्याचाच. आधी अंगठा, मग ‘व्हेरी सॅड’, आणि मग, ‘फायनल फाइल आता कोण पाठवणार?’ मी मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीच्या नाक्यावर भाजी घेत होते. भाजीवाला ‘मॅडम, धनिया दूँ क्या’ विचारत होता आणि मी त्या अंगठ्याकडे बघत उभी होते. रडू नाही आलं. संताप आला. त्या अधिकाऱ्याचा आलाच, पण खरं सांगायचं तर सरांचाही आला. अर्धं काम असं टाकून निघून जायची ही काय पद्धत झाली... महिना उलटून गेला, तो राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

सर मूळचे गिरगावातले. एका बँकेच्या प्रशिक्षण विभागात आयुष्य काढलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली, जेसल पार्कला घर घेतलं आणि मीरा रोडला पूनम सागरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन ई-लर्निंगचं काम सुरू केलं. म्हणजे कंपन्यांना आपल्या माणसांना जे शिकवायचं असतं, त्याचे मोबाइलवर करता येतील असे छोटे कोर्स बनवून द्यायचे. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि शाळेला कंटाळले होते. मला वाटलं, शिकवायचं तर मला येतंच, आता फक्त पडद्यावर शिकवायचं. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला हेच वाटतं, आणि ते साफ चुकीचं आहे, हे कुणीही आधी सांगत नाही. सरांनीही सांगितलं नाही.

माझा पहिला कोर्स एका गोदामातल्या कामगारांसाठी होता, आगीपासून बचावाचा. मी जीव ओतून केला. आग म्हणजे काय, ज्वलनाला काय काय लागतं, आगीचे प्रकार किती, सिलिंडरांचे रंग कोणते... सगळं. चित्रं हलत होती, बाण येत होते, जात होते. सरांनी चहा पीत पूर्ण कोर्स पाहिला, मान डोलावली, आणि विचारलं, “छान. आता गोदामात आग लागलीय. काय करू मी?”

ते शेवटून दुसऱ्या पडद्यावर होतं.

“तोपर्यंत मी भाजून निघालो,” सर म्हणाले आणि कप विसळायला उठून गेले. मी दोन आठवडे राबून केलेलं काम होतं ते. मी त्यांच्या मागे बेसिनपर्यंत गेले. म्हटलं, “सर, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” तर म्हणे, “सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का?” मी म्हटलं, ऐकलं असतं. ते नुसते हसले. पण मी ऐकलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. माणसाला ठेच लागू द्यायची आणि मग दगड दाखवायचा, ही सरांची शिकवायची रीत मला कधीच पटली नाही. आम्ही यावरून वर्षानुवर्षं भांडलो. त्यांचं एक बरं होतं, माझ्यावर ते कधी चिडायचे नाहीत. त्यामुळे मला आणखी चिडायला व्हायचं.

आणि इतका हुशार माणूस गिऱ्हाइकापुढे मात्र अगदी नरम पडायचा. हॉस्पिटलच्या कामात तेच झालं. वॉर्डातल्या मावशींसाठी कोर्स हवा होता, पेशंटला उठवायचं कसं, बसवायचं कसं, कूस कशी बदलायची. चांगलं काम होतं, माझ्या आवडीचं. पण ट्रेनिंग अधिकारी आले तेच यादी घेऊन. सुरुवातीला अध्यक्षांचा संदेश. मग हॉस्पिटलचा इतिहास. शेवटी प्रश्न आणि सर्टिफिकेट. आणि ‘पुढे’च्या बटणाला कुलूप. म्हणजे पडद्यावरचं बोलणं संपेपर्यंत बटण राखाडी राहणार, संपलं की हिरवं होणार, तेव्हाच दाबता येणार. “नाहीतर या बायका न ऐकता पुढे जातात हो,” ते म्हणाले. मी खूप वाद घातला. कुलूप लावून कुणी शिकत नाही, शाळेत दार बंद करून पाहिलंय मी. सर शांतपणे म्हणाले, “देऊन टाक त्यांना. एक बटण तर आहे.” कोर्स लागला. आठवड्याभरात सगळ्या मावशींच्या नावापुढे ‘पूर्ण’ची हिरवी खूण. अधिकाऱ्यांनी आम्हाला पेढे पाठवले.

मग सरांच्या आतड्याचं ऑपरेशन निघालं. ओळखीचं म्हणून त्यांनी तेच हॉस्पिटल धरलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना पहिल्यांदा उठवून बसवायचं चाललं होतं. उत्तनच्या ग्रेसीमावशी म्हणून एक होत्या, हसतमुख बाई, प्रेमळही. त्यांनी “चला सर” म्हणत सरळ सरांच्या काखांत हात घातले आणि ओढून वर घेतलं. पोटाचे टाके ताणले गेले असणार. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. आमच्या कोर्समध्ये स्पष्ट होतं, काखेत हात घालायचा नाही, आधी कुशीवर वळवायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे, मग खांद्यामागे आधार द्यायचा. मीच लिहिलं होतं.

घाम पुसत सरांनी विचारलं, “मावशी, मोबाइलवर एक कोर्स आला होता ना, तो केला का तुम्ही?”

“केला ना सर. दोनदा केलाय. सर्टिफिकेट पन हाय.”

“कसा केला?”

मावशींना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “आवाज बंद करायचा, मोबाईल खिडकीत ठेवायचा. तवर चादरी बदलून होतात. बटन हिरवं झालं का दाबायचं, पुन्हा ठेवायचा. टाइम कुठं हाय बसून बघायला?”

“आणि शेवटचे प्रश्न?”

“ते ग्रुपवर येतात, उत्तरासकट.”

मावशी गेल्या. मी सरांवर अक्षरशः तुटून पडले. पेशंट आहे, कालच ऑपरेशन झालंय, काही बघितलं नाही. म्हटलं, मी सांगत होते की नाही, कुलूप नको म्हणून. तुम्हाला हे माहीत होतं, तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं, आणि तरी... सर छताकडे बघत म्हणाले, “नाही गं. मला तरी कुठे माहीत होतं? इतकी वर्षं लोकांना शिकवलं. आज कळलं, आडवं पडून.” मी मोसंबी सोलत बसले.

घरी आल्यावर त्यांनी काय उच्छाद मांडला, ते नाडकर्णी काकूंनाच विचारावं. सगळा कोर्स नव्याने करायचा. अध्यक्ष नकोत, इतिहास नको, कुलूप तर नकोच. एक खाट, एक पेशंट, एक बाई, आणि एकच प्रश्न, ‘आता हात कुठे ठेवाल?’ चुकीच्या जागी बोट लावलं की पेशंट कळवळतो, बरोबर लावलं की उठून बसतो. मावशींनी चादरी बदलता बदलता दोन मिनिटांत करावा असा. काकूंना दिवाणावर झोपवून ते मला उठवायला लावायचे, मग मला झोपवून काकूंना. काकू वैतागायच्या, “अहो, पोळ्या व्हायच्यात माझ्या.” मीही वैतागायचे, कारण हे सगळं कुणी मागितलेलंच नव्हतं. अधिकाऱ्यांना जुनाच कोर्स नव्या लोगोसह हवा होता. सरांना म्हटलं, तुम्ही एकदा त्यांना फोन करून ठणकावून सांगा, मग करू. “आधी दाखवू, मग सांगू,” ते म्हणाले. म्हणजे पुन्हा तेच. बोलायचं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की कोर्समधला आवाज आधी आपणच कच्चा भरून घ्यायचा, अंदाज यावा म्हणून. पुढे आवाजाचा कलाकार येतो आणि कच्चा आवाज पुसला जातो. उठवून बसवण्याच्या या पहिल्या पडद्यासाठी सरांनी गादीवर बसून स्वतःच्या फोनवर आवाज भरला. धाप लागत होती, मागे कुकरची शिट्टी आहे. दुसऱ्या पडद्याचं उद्या बघू म्हणाले... त्याच रात्री, पहाटे, त्यांचं हृदय थांबलं. दुसरा पडदा झालाच नाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर मी तो एकुलता एक पडदा घेऊन अधिकाऱ्यांकडे गेले. सर असते तर जे बोलले नसते, ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, भावना समजतात हो. पण यात कुलूप नाही, तर रिपोर्टमध्ये मी दाखवू काय?” मी म्हटलं, तुम्हीही जुना कोर्स पूर्ण केलाय, तुमच्या नावापुढेही खूण आहे, मला खुर्चीतून उठवून दाखवा. ते अवघडून हसले. हात पुढे केले, आणि ते हात आपोआप माझ्या काखांकडे निघाले. अर्ध्यात थांबले. मग चष्मा पुसत म्हणाले, “एका वॉर्डात ट्रायल करा. पण हा आवाज फायनलला चालणार नाही. शिट्टी काय, खोकला काय.” एक वॉर्ड. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एक वॉर्ड. मी तोंडावर थँक यू म्हटलं आणि जिन्यात त्यांना शिव्या घातल्या.

वॉर्डात ग्रेसीमावशीच होत्या. मी त्यांच्या मोबाइलवर पडदा उघडून दिला. त्यांनी सवयीने आवाज बंद करायला बोट नेलं, तेवढ्यात सर बोलू लागले. “थांबा. हात लावण्याआधी पेशंटला सांगा, मी आता तुम्हाला बसवणार आहे. त्यांना भीती वाटत असते.” मग कुकरची शिट्टी. मावशींचं बोट वरच राहिलं.

“हे ते सर ना? खिडकीजवळचे?”

“हो.”

“कसे हायत आता?”

मला वाटलं होतं, त्यांना कुणीतरी सांगितलं असेल. कोण सांगणार? त्या ग्रुपवर मावशी नव्हत्या. “गेले, मावशी. महिना झाला.”

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, ओढणीने मोबाइलची काच पुसली आणि पडदा पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी आवाज मोठा करून. कुलूप नव्हतं, कधीही पुढे जाता आलं असतं. त्यांनी सगळं ऐकलं. बोट एकदा काखेवर लावलं, पडद्यावरचा पेशंट कळवळला, तशा त्या “माफ करा” म्हणाल्या, मला की सरांना, कळलं नाही. मग मोबाइल खिशात टाकून त्या समोरच्या खाटेकडे गेल्या. तिथे एक आजी सकाळपासून उताण्या पडून होत्या. मावशी वाकल्या. “आजी, मी तुमाला आता बसवते हां. घाबरायचं न्हाय. आधी माझ्याकडं वळा बघू.” आजी वळल्या. पाय खाली आले, मावशींचा हात खांद्यामागे गेला, आणि आजी उठून बसल्या. नुसत्या बसल्या. तोंडातून आवाजही आला नाही.

आणि मला तिथे उभ्या उभ्या सरांचा असा काही राग आला, की मी व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडले. महिनाभर, सर. फक्त महिनाभर आणखी थांबायला काय झालं होतं? आवाज कधी बदलताय म्हणून अधिकाऱ्यांची रोज मेल येते. मी दुसरा पडदा करायला घेतलाय. कूस बदलण्याचा. त्यात आवाज माझा आहे, कच्चा, आणि मागे आमच्या नळाचं पाणी ऐकू येतंय. पहिल्यातला आवाज मी बदलणार नाही. काय करायचं ते करू देत.