तीन अंशांनी कमी

आई गेली त्या दिवशी आमच्या गावचं कमाल तापमान आदल्या दिवसापेक्षा तीन अंशांनी कमी होतं. तिच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते या आकड्यापासूनच सुरू करावं लागतं, कारण त्या सकाळी तो मीच तिला फोनवर वाचून दाखवला होता.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि जमिनीवरचा तीव्र उन्हाळा यांचा संबंध, हा माझा विषय. आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीच्या रस्त्यावरून आत. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आईने तो कधी पाहिला नव्हता. मी काय करते हे तिला पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या तळ्यात पाणी न्हाई, अन् तू समुद्राला ताप आला का ते बघून राह्यली. मंग दे त्याला एखादी गोळी."

शेजारी बसलेली काकू, म्हणजे तिची धाकटी जाऊ, हसून लोळायची बाकी राहिली. त्यानंतर मी गावी गेले की काकू दारातूनच ओरडायची, "आली गं समुद्राची डाक्टरीण!"

या दोघी मिळून शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जात. मिरचीच्या संकरित बियाण्याचं ते काम. मादी झाडावरची कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचे पराग लावायचे आणि ओळखीसाठी देठाला रंगीत दोरा बांधायचा. एकेका बाईच्या वाट्याला ठरलेल्या ओळी असतात. कळी कोणासाठी थांबत नाही. आजची राहिली की उद्या ती आपोआप उमलते आणि वाया जाते. मधमाशी आत शिरली तर बियाण्यात भेसळ होते, म्हणून चारी बाजूंना बारीक जाळी आणि दोन दारं, दोन्ही कायम बंद. वारा जवळजवळ नसतो. बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, आणि पाणी बेतानेच पितात, कारण सारखं बाहेर जायला दोन दारं उघडावी लागतात आणि बाहेर आडोसा नसतो.

उन्हाशी झुंजायची आमच्याकडची रीत एकच: पाणी शिंपडायचं. जमिनीवर, गोणपाटावर, जाळीवर, पदरावर. आमची हवा इतकी कोरडी की पाणी क्षणात उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बारावीत असताना माठातलं पाणी गार का होतं हे मी आईला याच तत्त्वाने समजावलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "हे आम्हाला तुझ्या शाळेच्या आधीपासून ठावं हाय."

नियम मात्र मी घालून दिला होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आईला एकदा घेरी आली. मी घाबरले, पण घाबरल्यावर मी जे करते तेच केलं: एक मर्यादा ठरवली. दिवसाचा अंदाज चाळीसच्या वर असेल तर दहाला शेडनेटमधून बाहेर पडायचं. चाळीस किंवा त्याखाली असेल तर एकपर्यंत बसायला हरकत नाही. रोज सकाळी सहाला आईचा फोन येई, "आज किती?" मी आकडा सांगे आणि त्या आकड्यावर अख्ख्या शेडनेटचं काम ठरे. इतर बायाही तो नियम पाळू लागल्या. मालक कुरकुरला तेव्हा आईने त्याला सुनावलं, "माझ्या लेकीला इचारा. ती बिलकुल पक्कं सांगती." हे मला काकूने सांगितलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. संस्थेतल्या कुठल्याही कौतुकापेक्षा जास्त वाटला.

आई गेली त्या वर्षी अरबी समुद्र फेब्रुवारीपासूनच नेहमीपेक्षा गरम होता. समुद्र असा तापला की जमिनीवर त्याचे परिणाम दोन वाटांनी येतात. पहिली वाट सगळ्यांच्या परिचयाची: वाऱ्यांची नेहमीची मांडणी बिघडते, हवा वरून खाली दाबली जाते, ढग विरतात आणि कोरडी लाट एका जागी ठाण मांडून बसते. दुसरी वाट लवकर लक्षात येत नाही. तापलेलं पाणी अधिक वाफ सोडतं, आणि पश्चिमेचा वारा लागला की ती वाफ घाट चढून आमच्या पठारापर्यंत पोचते. पारा थोडा उतरतो, आभाळ येतं, डोळ्यांना बरं वाटतं. शरीराला मात्र तो दिवस अधिक जड जातो. घाम येऊन माणूस थंड होत नाही. तो वाळला तरच होतो. भरल्या हवेत तो वाळत नाही.

मे महिन्याच्या त्या आठवड्यात तीन दिवस पारा बेचाळीसवर होता. बाया दहाला बाहेर पडत होत्या आणि कळ्या वाया जात होत्या. चौथ्या दिवशी सहाला फोन आला. मी संगणकासमोर होते. नऊला विभागप्रमुखांसमोर सादरीकरण होतं. ते चांगलं झालं तर परदेशातल्या एका प्रकल्पासाठी माझं नाव पुढे जाणार होतं. पडद्यावर नकाशा होता: लालभडक अरबी समुद्र आणि त्यातून जमिनीकडे निघालेले बाष्पाचे बाण.

"आज किती?"

"एकोणचाळीस. तीनने कमी झालं."

"आगं, आभाळ बी आलंय. मंग आज एकपर्यंत बसतो, राहिलेलं उरकून टाकतो." मग म्हणाली, "पर सकाळपासून अंग कसं चिकट चिकट करून राह्यलंय. पदर सुद्धा वाळंना."

"मग परत आंघोळ करून जा," मी म्हणाले. "आई, मला जल्दी आहे. ठेवू?"

"ठेव बाई, ठेव. जेवून घे पण."

पुढचं मला काकूकडून कळलं. अकराच्या सुमारास आत कोंदायला लागलं, तेव्हा बायांनी नेहमीचा उपाय केला: पाइप ओढून आणला आणि जाळीवर, वाफ्यांच्या मधल्या वाटांवर भरपूर पाणी मारलं. गार वाटलं नाही म्हणून पुन्हा मारलं. बंद दारांच्या आत, आधीच भरलेल्या हवेत, त्यांनी आपल्या हातांनी आणखी वाफ घातली. बाराला काकू म्हणाली, "जाऊबाई, चला बाहेर." आई म्हणाली, "आज एकपर्यंत चालतं. दोन ओळी ऱ्हायल्या." साडेबाराच्या पुढे ती दोरा बांधायचं विसरू लागली, एकाच कळीला दोनदा पराग लावू लागली. काकूला वाटलं, थट्टा करते आहे. मग ती खाली बसली.

तिला बाहेर काढून बायांनी ओल्या साडीत गुंडाळलं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. साडी वाळली असती तर तिने उष्णता नेली असती. पण ती वाळली नाही. नुसती गरम होत गेली. जीप मिळेपर्यंत वेळ गेला. जाफराबादला सलाईन लावलं, तिथून जालन्याला पाठवलं. रस्त्यात आई गेली. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे. ती चूक नाही. शेवटी तेच घडलं.

माझं सादरीकरण उत्तम झालं होतं. टाळ्या संपल्यावर मी फोन पाहिला तेव्हा त्यावर काहीच नव्हतं. बाबांचा फोन दोनला आला.

तेरावा झाल्यावर पाहुणे परतले. बाबा शेळ्या-मेंढ्या राखतात. आमच्या घराण्याचं ते जुनं काम, आता वीस-बावीस जनावरांवर आलेलं. दुसऱ्या सकाळी ते वाड्याच्या काटेरी कुंपणाशी उभे होते, जिथे रात्री कळप कोंडलेला असतो. मी चहा घेऊन गेले. कप हातात घेऊन ते म्हणाले, "काकू सांगत होती, त्या दिशी हवेत वल होती म्हणं. समुद्राकडची."

"हो."

"तुला ते आधी ठावं होतं का?"

माझ्याकडे बरीच उत्तरं होती. स्थानिक पातळीवरचे अंदाज किती अनिश्चित असतात. आमच्या भागात आर्द्रतेच्या नोंदी किती विरळ आहेत. सगळी खरी होती. पण नकाशा माझ्या समोर होता, आणि पदर वाळत नाही हे आईने स्वतः मला सांगितलं होतं.

"ठावं होतं," मी म्हणाले.

"मंग बोलली का न्हाईस?"

"घाईत होते, बाबा."

त्यांनी चहा संपवला. कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "ती बी घाईतच होती," ते म्हणाले. जनावरं काट्यांना तोंडं लावून ओरडत होती. उन्हं चढायच्या आत त्यांना चरून यायचं असतं.

"आज सोडू का?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं होतं, आता या घरात मला कोणी असं विचारणार नाही. मी फोनवर तापमान पाहिलं, आर्द्रता पाहिली, वाऱ्याची दिशा पाहिली, आणि कशावरच माझा विश्वास बसेना. "नका सोडू," मी म्हणाले. "तुम्हीही जाऊ नका."

त्या दिवशी मी चुकले. आभाळ आलं नाही, वारा उत्तरेचा कोरडाच राहिला. सकाळी दोन तास माणसाला आणि जनावराला सहज चरता आलं असतं. कळप दिवसभर कोंडलेला, भुकेने ओरडत राहिला. दुपारपर्यंत बाबा विळा बांधलेल्या लांब काठीने कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून आत टाकत होते, आणि मी त्या उचलून पुढे देत होते.