हवालदार आबांचे ग्रीक कागद

आमच्या सांगलीच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त. पुस्तकं निदान लोक ढापतात. किस्से कुणी घरी नेत नाही, म्हणून ढीग साचतो. त्यातले हे ग्रीक कागदांचे.

कागद आणले म्हसवडकडच्या हवालदार आबांनी. सांगलीत विद्वान मिळतात, असं कुणीतरी त्यांना फसवून सांगितलेलं! महायुद्धात ते ग्रीसला एका कवीच्या घरी उतरले होते. निघताना कवीनं आपलं एक गाणं चार पानांवर लिहून दिलं.

"शब्द पार इसरलो," आबा म्हणाले. "मरायच्या आत एकदा कानावर पडू द्या."

आमचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर, म्हणाले, "अमूल्य ठेवा!" आणि कागद काचेच्या कपाटात कुलूपबंद.

"आवं सर, ठिवाया न्हाई, वाचाया दिल्यात!"

* * *

मग एका पंडितांनी व्याख्यान ठोकलं. कवी अडीच हजार वर्षांपूर्वीचा, वैराग्याकडे झुकलेला, वगैरे. दीड तास!

शेवटी आबा उठले. "कवी माझ्याच वयाचा व्हता. रोज माझ्याकडनं बिड्या मागायचा."

* * *

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. पण ग्रीक अक्षरं गावात आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनाच ठाऊक. अल्फा, थीटा, ओमेगा. दुसरं शिकवलंच काय कॉलेजात?

सरांनी माझी बेलबॉटम वरून खालपर्यंत बघितली. "डिग्री नाही तो वाचणार?"

"डिग्रीवाल्यांनी वर्षभर काय वाचलं?" मी म्हणालो. कपाट उघडलं!

पहिली ओळ मी अक्षरांची नावं घेत वाचली. आबा वैतागले, "गाणं हाय का गणित रं?"

मग अक्षरं जोडून वाचत गेलो. तिसऱ्या ओळीत 'थालासा' आलं आणि आबा खुर्चीतून उठलेच. "थालासा! समुद्र! समुद्र रं गड्या!"

सांगलीत समुद्र पहिल्यांदाच आला.

* * *

गाण्याचा कार्यक्रम ठरला. आता चाल. पेटीवाल्या दत्तूनं भजनाची लावली. सरांना नाट्यसंगीत हवं. रिहर्सलला त्यांनी समुद्रावर अशी तान घेतली, की बाहेर चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोन गेलं?" तो म्हणाला.

* * *

कार्यक्रमाला हॉल भरला. आबा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. दत्तू जीव तोडून गायला. टाळ्या पडल्या. आबांचे हात मांडीवरच.

सरांनी वाकून विचारलं, "आबा, समाधान झालं ना?"

"शब्द बराबर हायती. चाल ही न्हवं."

"म्हणजे? चाल तुम्हाला येते?"

"येती की! त्यो रोज सांजच्याला गायचा."

दत्तूनं कपाळाला हात लावला. "आवं आबा, दोन वर्षं आमी पेटी बडवतोय! आदी बोलला का न्हाई?"

"इचारलं कुनी? समदी कागदालाच इचारत व्हती!"

मग सर, ज्यांनी आयुष्यात माइक कुणाला दिला नव्हता, ते स्टेजवरून माइक घेऊन खाली आले आणि आबांच्या पुढ्यात जमिनीवर बसले.

"म्हणा," सर म्हणाले.