काचेतला चेहरा

मुजम्मिल मूळचा दाभोळचा. आखातात, अल खौदमध्ये त्याचा छोटा फोटो स्टुडिओ होता. बावीस वर्षं व्हिसाचे चेहरे टिपून त्याला वीट आला होता. मान सरळ, हसू नको, यल्ला, पुढचा! एखादा चेहरा मात्र मनात भरायचा. मग तो न सांगता एक फोटो जास्त काढायचा आणि मोठा करून दुकानाच्या काचेत लावायचा. गावाकडच्या स्टुडिओवाल्यांची ही जुनी खोड. विचारायची पद्धत नव्हती. लोक उलट खूश व्हायचे.

रशीदचाही असाच लावला. रशीद सुदानचा, तिथल्या एका अल्पसंख्य जमातीचा, रेडिओवर बातम्या देणारा. यादवी पेटल्यावर बंदूकवाल्यांनी त्याच्या जमातीचे बातमीदार वेचून वेचून मारले. त्याचे दोन सोबती गेले. तिसऱ्या प्रेताचा चेहरा ओळखू येत नव्हता. तो रशीदच, असं सगळ्यांनी धरलं. आईने चारचौघांत रडून घेतलं आणि खऱ्या रशीदला गुपचूप सीमेपार धाडलं. तो मेलेला होता म्हणून ती सुखरूप होती. दर जुम्म्याला ती फोनवर त्याच्याशी दोन मिनिटं बोलायची.

मुजम्मिलला यातलं काही ठाऊक नव्हतं. विद्यापीठात शिकणाऱ्या एका सुदानी मुलीने काचेतला चेहरा ओळखला, मोबाइलवर टिपला आणि 'आपला रशीद जिवंत आहे' असं आनंदाने गाववाल्यांना कळवलं. बातमीला पाय फुटले.

ती बातमी फिरत फिरत रशीदकडेच आली, तेव्हा तो दुकानात येऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आवाज जरासुद्धा चढला नाही. मुजम्मिलने घाईघाईने फोटो उतरवला खरा, पण बैल गेला अन् झोपा केला! घरी अमरीन नवऱ्याला म्हणाली, "एकदा विचारलं असतंत तर तोंड झिजलं असतं?" बायको बरोबर बोलते तेव्हा जास्तच लागतं.

अकरा दिवस रशीदच्या आईचा फोन लागला नाही. मुजम्मिलला अन्न गोड लागेना. बाराव्या दिवशी रशीद आला.

"आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे."

"अल्हम्दुलिल्ला!"

"बंदूकवाले दारात आले होते. माझा फोटो दाखवला. तिने कुराणावर हात ठेवून सांगितलं, हा माझा नाही, माझा मुलगा मेला. मग सोडलं. पण पुन्हा येणार, तिचा फोन तपासणार. शेजारणीकरवी निरोप आलाय, यापुढे कधी फोन करू नकोस."

मुजम्मिल आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत माफी मागू लागला. रशीदने नुसता हात हलवला. रागवायलाही अंगात ताकद लागते. त्याच्यात ती उरली नव्हती.

"खलास, मुजम्मिल. एक काम कर." त्याने मोबाइल पुढे केला. "नंबर असला की हात जाईल. मला पुसवत नाही. तू पूस."

पडद्यावर अरबीत फक्त 'आई' लिहिलं होतं. मुजम्मिलने बोट टेकवलं. नक्की पुसायचं का, असं मोबाइलने विचारलं. त्याने रशीदकडे पाहिलं. रशीद बाहेर रस्त्याकडे बघत होता. मुजम्मिलने पुन्हा बोट टेकवलं.