शिलाई मशीन खिडकीत आलं

"उचल! अगं, पाय काढ ना मधून!"

"काढू कसा दादा? मशीन त्याच्यावरच ठेवलंयस!"

मागच्या खोलीतलं शिलाई मशीन रस्त्याकडच्या खिडकीत चाललं होतं. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला नणंद. जिचं मशीन, ती टेलरबाई दाराला टेकून नुसती बघत होती. एरवी तिनं दोघांना फाडून खाल्लं असतं.

ती अशी गप्प झाली की घर ओळखायचं, अंधाराचे महिने आले. दूर उत्तरेतल्या या गावात हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच दिवे लागायचे आणि हिचं बोलणं आटायचं. मग हात जड व्हायचे. झोप मात्र कितीही घेतली तरी पुरायची नाही. गेल्या हिवाळ्यात तर दुकानाला कुलूप लावून ती अंथरुणात शिरली, ती ऊन परतल्यावरच बाहेर आली. लोकांची कापडं अर्धवट परत करावी लागली. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. पुन्हा तसं झालं तर दुकान कायमचं बंद, असं तिनं बजावलं होतं. ती बोलेल ते करणारी.

म्हणून यंदा ती वेळेआधीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. हा आळस नव्हे, आजार आहे, असं त्यांनी नीट समजावलं. गोळ्या दिल्या, सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगितलं, उजेडात एक फेरी मारायला सांगितली.

"आणि शिवता कुठे बसून?"

"मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाला पसारा दिसायला नको."

"दिसू दे की पसारा!"

खिडकीत मशीन आलं ते असं. त्यावर आता नणंदेच्या नाटकमंडळाचा पडदा चढला होता. गर्द लाल मखमल, शनिवारी प्रयोग. ही ऑर्डर टेलरबाईनं उन्हाळ्यातल्या उत्साहात घेतली होती. आता मखमलीकडे बघून ती म्हणायची, "माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही गं."

"वहिनी, पडदा नसला तर मला कपडे बदलताना सगळं गाव बघेल," नणंद म्हणायची. "निदान माझ्या अब्रूसाठी शिव."

ती शिवत राहिली. सकाळी दिव्यासमोर चहा, मग फेरी, मग मशीन. कधी थोडं, कधी नुसतंच बसून राहणं. तेवढीच मदत म्हणून नणंदेनं शेवटचा पट्टा स्वतः जोडून टाकला. वहिनी मान हलवून "बरं" म्हणाली. नवऱ्याला त्या "बरं"चीच धास्ती होती.

शुक्रवारी सकाळी दोघींनी पडदा खिडकीच्या दांड्यावर चढवून बघितला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. सगळी मखमल गर्द लाल आणि कडेचा एकच पट्टा फिकट, धुऊन वाळत घातल्यासारखा.

"अगं ए बये! लव उलटी लावलीस?" टेलरबाई कडाडली. "मखमलीवरून हात फिरवून बघावा, लव कुठे झुकते ते बघावं, मग जोडावं! पोत्याला पोतं जोडलंस होय? शिकवलं नव्हतं मी?"

नणंद तोंडाचा आ करून उभी. आतून नवरा धावत आला, अर्ध्या गालावर साबणाचा फेस.

"काय झालं? कोण ओरडलं?"

"वहिनी!" नणंद टाळ्या पिटत म्हणाली. "दादा, वहिनी ओरडली! मला पोत्यावाली म्हणाली!"

"खरंच? पुन्हा ओरड बघू!"

"दात काय काढताय? तू उसवायला बस. आणि तुम्ही, तो फेस माझ्या मखमलीपासून लांब ठेवा!"

नणंद उसवायला बसली. पट्टा फिरवून टेलरबाईनं मखमलीवरून तळहात फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मग मशीनवर बसली. ऊन तिच्या हातांवर होतं. बाहेर एक बाई थांबून काचेतून बघत होती. टेलरबाईनं काच सरकवली.

"कोट उसवलाय ना तुमचा? खांद्यावर. बघत काय उभ्या राहिलात, या आत! दुकान उघडं आहे."