'व एक मुलगी'

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

घराण्याची वंशावळ करतोय. आज आत्याला घेऊन तासगावहून मूळ गावी गेलो, तिची जन्मनोंद काढायला. आत्या आणि माझे वडील जुळे, सत्तरच्या दशकातले.

क्लार्कनं धूळ झटकून जन्माचं रजिस्टर उघडलं. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'संभाजी व एक मुलगी'.

"माझं नाव दुसरीकडं लिवलं असंल की," आत्या म्हणाली.

"न्हाई मावशी. तवा बारसं झाल्यावर घरची माणसं येऊन नाव लिवून जायची. पोरींचं कोन लिवतंय? लग्नात बदलतंयच की." वर हसला. मला शिसारी आली.

आत्या मात्र खालची सही बघत होती. "ही तात्यांची."

तात्या म्हणजे माझे आजोबा, फौजी. दोघांच्या बारशाला ते खास रजा काढून आले होते, हे आत्या आजवर कौतुकानं सांगायची.

परतताना एसटीत ती एवढंच बोलली, "पेन हातातच हुतं की रं त्यांच्या."

तुमच्या घरच्या नोंदीत 'व एक मुलगी' कोण आहे, बघितलंय कधी?