पायरीवरच्या करवंट्या

परळीला वैजनाथाच्या पायरीशी एक म्हातारी बसायची. कुणी नारळ फोडला की हात पुढे करायची. मी, मोठा शहाणा, तिला भिकारीण समजून खोबऱ्याचा तुकडा दिला. तिनं तो माझ्याच हातावर परत ठेवला.

"खोबरं तुमी खावा. मला करवंटी द्या."

तिनंच सांगितलं, एक करवंटी तिच्या घरी मिठाच्या बरणीत होती, एक तुळशीला पाणी घालायला. बाकीच्या सगळ्या करवंट्या गल्लीतल्या बाळंतिणींच्या शेगडीला.

"ह्याचा निखारा लई येळ ऱ्हातो. आमच्या गल्लीतली समदी लेकरं ह्याच्यावरच शेकलीत."

पुढं माझी लेक बाळंतपणाला आली, तेव्हा मीच त्या पायरीशी हात पुढे करून उभा राहिलो. तिनं पिशवीभर करवंट्या दिल्या, वर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"बाळंतिणीला हे बी लागतंय."